संगीत नाटकाची गोडी नेमकी लागते कशामुळे? सुरुवात कुठून करावी?

पहिली_रांग

गाणं न शिकलेल्या, सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेल्या विशी-तिशीतल्या माणसाला संगीत नाटकाची गोडी लागते ती नेमकी कशामुळे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

आमच्या वाचनगटाने पुढच्या काही बैठकांसाठी हा विषय घेतलाय. 'कट्यार काळजात घुसली' हा २०१५चा सिनेमा बहुतेकांनी पाहिलाय आणि आवडलाय. पण तिथून पुढे कुणी मूळ नाटकाचं ध्वनिमुद्रण लावलं, कुणी बालगंधर्वांच्या तबकड्या लावल्या, की दहाव्या मिनिटाला बंद होतं. तक्रारी ठरलेल्या आहेत: शब्द कळत नाहीत, एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, गोष्ट जागची हलत नाही, मुद्रण खरखरतं.

नुसती गाण्यांची यादी नको. कोणत्या क्रमाने ऐकावं, पहिलं नाटक कोणतं, माणूस कुठे गळतो आणि का, हे कुणी नीट सांगेल का?

दिंडी_साकी

गळती होते ती पदं सुटी ऐकल्यामुळे. नाट्यपदाच्या आधी एक प्रसंग असतो, पात्र कुठल्या तरी अडचणीत किंवा आनंदात असतं, आणि बोलणं अपुरं पडतं तिथे गाणं सुरू होतं. 'मानापमान'मधलं 'शूरा मी वंदिले' मैफलीत ऐकलं तर ते वीरांचं एक चांगलं स्तुतिपर गाणं वाटेल. पण ते म्हणणारी भामिनी म्हणजे गरीब म्हणून सेनापती धैर्यधराला झिडकारणारी श्रीमंताची मुलगी, हे ठाऊक असलं की त्याच ओळीत तिची सगळी उलथापालथ ऐकू येते. सूर तेच, ऐकणाऱ्याजवळची माहिती बदलली.

म्हणून पहिला नियम: पद लावण्याआधी त्याच्या मागची दोन-तीन पानं मोठ्याने वाचा. मोठ्यानेच, पात्रं वाटून घेऊन. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांचं गद्य डोळ्यांनी वाचताना जड वाटतं, तोंडाने म्हटलं की चटकन सुटं होतं.

दुसरी अडचण शब्दांची. पद्यात शब्दांची जागा वृत्तासाठी हललेली असते, त्यामुळे अर्थ हाताशी येत नाही. त्यावर उपाय म्हणजे अन्वय लावणं. शाळेत श्लोकाचा लावतात तसाच. 'नाथ हा माझा मोही खला' म्हणजे 'हा माझा नाथ खलालाही मोहवतो'. एका पदाला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न दिल्यामुळेच 'शब्द कळत नाहीत' ही तक्रार उरते.

तिसरी गोष्ट कानाची. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याच्या कानात राग असतातच, फक्त नावं माहीत नसतात. याचा फायदा घ्या. खाडिलकरांचं 'स्वयंवर' (१९१६) यासाठी फार सोयीचं आहे, कारण भास्करबुवा बखल्यांनी त्यातली पदं ठळक, ओळखीच्या रागांत बांधली आहेत. रुक्मिणीची तीन पदं घ्या:

'नाथ हा माझा' यमनमध्ये आहे. आधी 'चंदन सा बदन' ऐका आणि लगेच हे.
'स्वकुल तारक सुता' भीमपलासात. त्याच्या आधी 'नैनों में बदरा छाए'.
'मम आत्मा गमला' बिहागात. त्याच्या आधी 'तेरे सुर और मेरे गीत'.

दोन गाण्यांमध्ये गप्पा मारू नका. पहिल्याचा शेवटचा सूर कानात असतानाच दुसरं सुरू झालं पाहिजे, म्हणजे दोन्हींतला सारखेपणा न सांगता कळतो. यमनात तीव्र मध्यम लागतो, भीमपलासात गंधार-निषाद कोमल, ही माहिती नंतर द्या. आधी दिली तर लोक सूर शोधत बसतात आणि गाणं निसटतं.

खरखरीबद्दल. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. गायकाला मुखडा, अंतरा, दोन-चार नेमक्या जागा एवढंच त्यात बसवावं लागे. नवख्यासाठी हाच तिचा गुण आहे. मैफलीतलं बारा मिनिटांचं नाट्यपद पहिल्या आठवड्यात लावूच नका. तबकडी तीन वेळा ऐकली तरी दहा मिनिटांच्या आसपास होतात, आणि तिसऱ्या खेपेला खरखर मागे पडून आवाज पुढे येतो.

आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा का, तर प्रत्येक वेळी जोर वेगळ्या शब्दावर असतो. 'नाथ हा माझा' मध्ये एकदा 'नाथ'वर ठहराव, एकदा 'माझा'वर. ऐकताना कागदावर ओळ लिहून प्रत्येक फेरीला जोराच्या शब्दाखाली रेघ मारा. एवढं केलं की ती पुनरुक्ती वाटत नाही.

तिसरी_घंटा

दिंडी_साकींचं म्हणणं पटतं, पण पहिलं नाटक म्हणून 'स्वयंवर' नको. त्यातलं गाणं अव्वल आहे, नाट्य मात्र गाण्याच्या तुलनेत पातळ आहे. नवख्याला आधी गोष्टीने धरून ठेवलं पाहिजे.

पहिलं नाटक देवलांचं 'संशयकल्लोळ'. कारण त्याच्या जन्मातच आहे. ते आधी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्य नाटक म्हणून उभं राहिलं, आणि पदं घालून १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. पदं काढून टाकली तरी प्रहसन धावतंच. म्हणून पदं आली की गोष्ट अडते असं होत नाही. उलट फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या संशयाच्या गडबडीत अश्विनशेठ आणि रेवती यांची पदं विसावा देतात. भाषाही घरातली आहे. हसत हसत पाहिलेल्या नाटकातलं 'मृगनयना रसिक मोहिनी' दुसऱ्या दिवशी गुणगुणलं जातं, आणि तेव्हा दरबारी कानडा हे नाव ऐकून कुणी घाबरत नाही.

त्यानंतर 'सौभद्र' (१८८२). इथे कथा सगळ्यांना ठाऊक, कृष्णाचं कारस्थान पाहण्याची मजा, आणि पदं अगदी छोटी. अण्णासाहेब किर्लोस्करांकडे पद हे संवादाचंच साधन आहे. एक पात्र दोन ओळी गातं, दुसरं गाऊनच उत्तर देतं. साकी आणि दिंडी हे छंद, लावणीच्या चाली, कीर्तनातल्या चाली, कानडी चाली असा तो ऐवज आहे. दिंडी म्हणजे एका ओळीत १९ मात्रा, ९ आणि १० अशी विभागणी. ती आळवायची नसते, सांगून पुढे जायचं असतं. त्याआधीच्या 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं होती, ती या तुटकपणामुळेच मावली. पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात झाला तेव्हाही पहिले चारच अंक केले होते.

मग 'मानापमान' (१९११). इथे गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या, उत्तरेकडच्या चाली आणल्या आणि पद लांब, आळवण्याजोगं झालं. किर्लोस्करांकडून इथे आलं की बदल कानाला लगेच जाणवतो. थेट इथून सुरुवात केली तर फक्त लांबी जाणवते. त्यानंतर खुशाल 'स्वयंवर', आणि मग अभिषेकीबुवांचा काळ: 'मत्स्यगंधा' (१९६४), 'कट्यार' (१९६७).

'कट्यार'बद्दल एक सांगतो. सिनेमा आवडलेल्यांना मूळ नाटक जड जातं, कारण त्यांना ओळखीची वाटणारी काही गाणी सिनेमासाठी नव्याने केलेली आहेत आणि कथेतही बराच फेरफार आहे. ते तिथे 'सूर निरागस हो' शोधतात, आणि ते नाटकात नाही. त्यांना आधी एकच काम द्या: 'घेई छंद मकरंद' च्या दोन्ही चाली पाठोपाठ ऐकायच्या. शब्द तेच. पंडितजी आणि खाँसाहेब हे नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गायक. पंडितजींची चाल सलगवराळी रागात, संथ, शब्दाला जपणारी. खाँसाहेबांची धानी रागात, चपळ, फिरतीची. दोन घराण्यांचं भांडण काय आहे हे दहा मिनिटांत कानाने कळतं. नाटकाचा गाभाच तो आहे. इतकं झालं की वसंतराव देशपांड्यांचं उरलेलं गाणं कुणी बंद करत नाही.

विंगेतून

वरची सगळी तयारी करून माणूस नाट्यगृहात जातो आणि तिथे विरस होतो, तो कशाने हे लिहितो.

पहिल्या रांगेत बसू नका. बहुतेक ठिकाणी ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पायथ्याशी किंवा कडेला असतात. पहिल्या दोन-तीन रांगांत वाद्य थेट कानावर येतं आणि नटाचा आवाज वरून, ध्वनिवर्धकातून. दोन्ही जुळत नाहीत. मधल्या भागात सहावी ते दहावी रांग बरी. बाल्कनीत गाणं छान पोहोचतं, पण चेहरा दिसत नाही, आणि पदाच्या वेळी चेहरा दिसायलाच हवा.

तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा. नांदी चुकवली तर अर्धा अंक कान जुळायला जातो. नांदी ही सगळ्या चमूची आणि प्रेक्षकांचीही एका सुरावर येण्याची वेळ असते.

आता प्रयोगच फसतो तेव्हा काय झालेलं असतं? बऱ्याचदा गायक नट पदात शिरला की पात्रातून बाहेर पडतो. प्रेक्षकांकडे वळतो, हात मैफलीसारखे हलू लागतात. दुसरं म्हणजे समोरच्या नटाला पदाच्या वेळी काय करायचं हे दिग्दर्शकाने सांगितलेलं नसतं. तो पुतळ्यासारखा उभा, आणि प्रेक्षकाला वाटतं गोष्ट थांबली. चांगल्या प्रयोगात ऐकणारं पात्र पदाच्या प्रत्येक ओळीला बदलत असतं. बघायचं असेल तर गाणाऱ्याऐवजी त्याच्याकडे बघा. तिसरं म्हणजे दुःखाच्या पदात तानांची आतषबाजी. 'एकच प्याला'मधल्या सिंधूने सपाट तान घेतली की सिंधू संपते, गायिका उरते. माझ्या मते हा सर्वांत मोठा दोष, कारण टाळ्या मिळतात म्हणून तो सुधारत नाही.

प्रयोग कुठे बघावेत: राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची संगीत नाट्य स्पर्धा दरवर्षी होते. थोड्या दिवसांत बरीच नाटकं पाहायला मिळतात, आणि व्यावसायिक प्रयोगाच्या मानाने खर्च किरकोळ. सगळेच प्रयोग उत्तम नसतात. पण एकच नाटक दोन संस्थांनी केलेलं पाहायला मिळालं तर त्यासारखं शिक्षण नाही. पुण्यात भरत नाट्य मंदिराकडे लक्ष ठेवा. गोव्यात जाणं होत असेल तर गावच्या जत्रेतली संगीत नाटकं पाहा. तिथे ही परंपरा हौशी नटांनी आजही हातात धरून ठेवली आहे आणि प्रेक्षकांना पदं पाठ असतात.

पहिली_रांग

तिघांचेही मनापासून आभार. क्रम ठरला: 'संशयकल्लोळ'चं वाचन, मग 'सौभद्र', मग 'मानापमान', आणि मधेमधे 'स्वयंवर'ची तीन पदं.

यातून पुढचा प्रश्न निघालाय. शेवटच्या बैठकीत २० मिनिटांचा एक प्रवेश आपणच उभा करावा असा विचार आहे. गटात एक मुलगा आणि एक मुलगी बऱ्यापैकी गातात, तबलावादक मिळेल, ऑर्गन नाही. जमेल का?

काळी_चार

जमेल, आणि करावंच. ऐकून आवडतं ते एका मर्यादेपर्यंत; एक पद प्रसंगात उभं राहून म्हटलं की ते कायमचं आपलं होतं.

वेळेची वाटणी आधी करा. नांदी २ मिनिटं, दोन पदं प्रत्येकी ४ मिनिटं, एक दिंडी किंवा साकी १ मिनिट, संवाद ९ मिनिटं. यात तिसरं पद घुसवू नका, संवाद घाईत जातील आणि सगळं कोसळेल.

सगळ्यात जास्त गोंधळ पट्टीचा होतो, म्हणजे गाणारा आपला 'सा' पेटीच्या कुठल्या पांढऱ्या किंवा काळ्या पट्टीवर धरतो याचा. पुरुषाचा आवाज साधारण पांढरी १ ते काळी २, बाईचा काळी ४ ते काळी ५. दोघांना एकाच पट्टीत गायला लावलं तर एकाचा आवाज वर फाटतो किंवा दुसऱ्याचा खाली बुडतो. मुलगा काळी १ आणि मुलगी काळी ४ मध्ये गात असतील तर एक सोय आहे: तबला काळी ४ ला मिळवा. तो मुलीसाठी षड्ज (सा) होतो आणि मुलासाठी पंचम (प). एकाच तबल्यावर दोघांचं भागतं. उलटं करू नका. तबला काळी १ ला ठेवला तर मुलीसाठी तो शुद्ध मध्यम होईल, आणि तिचं पद यमनमध्ये असेल तर तिच्या तीव्र मध्यमाशी तो सतत भांडेल. मुलाचं पद पंचम वर्ज्य असलेल्या रागातलं असेल, जसं 'युवती मना' हिंडोलात आहे, तर मात्र त्याच्या षड्जाला मिळवलेला दुसरा तबला हवाच.

ऑर्गन नाही याची चिंता नको, पण त्याचं काम काय असतं ते समजून घ्या. पायपेटीत भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. डावा हात खालचा सूर धरून ठेवतो, उजवा गाणाऱ्याच्या मागोमाग जातो. त्यामुळे मागे सुराची अखंड भिंत असते. साध्या पेटीत एक हात भात्यावर अडकतो, तो भरणा येत नाही. म्हणून पेटीबरोबर इलेक्ट्रॉनिक तानपुरा ठेवा, आणि दोन पट्ट्यांसाठी दोन ठेवा. एकाचीच पट्टी मधे बदलायला गेलात तर नेमक्या शांत जागी खुडबुड ऐकू येते. कीबोर्ड वापरणार असाल तर पट्टी बदलण्याच्या बटणाला हात लावू नका, दोन्ही पट्ट्या बोटांनीच वाजवायची सवय करा. बटण चालू राहिलं आणि वादक विसरला, तर पुढचं अख्खं पद भलत्याच सुरात सुरू होतं.

सूर देणं हे वेगळं कसब आहे. पद सुरू होण्याआधी दोन वाक्यं पेटीवाल्याने षड्ज हलकेच धरायचा. उशिरा दिला तर नट चाचपडत सुरू करतो. मोठ्याने दिला तर 'आता गाणं' अशी घोषणा होते आणि संवाद मरतो. पदाआधीचं शेवटचं वाक्य नटाने त्या षड्जाच्या जवळपासच्या उंचीवर आणायचं, म्हणजे बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. तालमीचा निम्मा वेळ या सांध्यांवर घालवा.

तालमीचा क्रम असा ठेवा. आधी पूर्ण प्रवेश गद्य, पदांचे शब्दही बोलून. मग पदं फक्त चालीत, एकही आलाप न घेता. ते बसल्यावर जागा ठरवा: अंतऱ्यानंतर दोन ते चार आवर्तनं (तालाच्या पूर्ण फेऱ्या), त्यापेक्षा जास्त नाही, आणि किती ते तबलावादकाला आधीच माहीत हवं. 'सुचेल तसं घेऊ' हे कसलेल्या माणसांना जमतं. नवख्यांमध्ये एक जण समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतो, दुसरा पुढे गेलेला असतो.

ध्वनिवर्धकाचं म्हणाल तर छोट्या खोलीत लावूच नका. लावायचाच असेल तर कपड्यांवरचा टाळा. उपरणं, शालू, दागिने यांची घासाघास पदापेक्षा जास्त ऐकू येते. वरून टांगलेले दोन पुरतात.

वन्स मोअर आला तर पूर्ण पद पुन्हा नको. धृपद आणि शेवटचा अंतरा, बस. ऐकणाऱ्या पात्राने त्या आधीच्या जागी आणि त्याच भावात परत यायचं. हे तालमीत एकदा करून ठेवा.

हक्कांचंही बघा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात. देवल (१९१६) आणि खाडिलकर (१९४८) त्यातून मोकळे आहेत. 'कट्यार'चे दारव्हेकर १९९९ मध्ये गेले, म्हणून तिथे परवानगी लागेल. घरगुती बैठकीपुरतं ठीक, पण पुढे तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा ठरला तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची चौकशी आधीच करा.

खालचा_षड्ज

एक भर. काही माणसांना जुन्या पदांच्या वाटेने गोडी लागतच नाही, त्यांना नव्या बाजूने आणा. प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' बघू द्या: दोनच पात्रं, तुकोबांची आवली आणि लखूबाईच्या रूपातली रखुमाई, संगीत आनंद ओकांचं. अभंग आणि ओवीचा सूर घरोघरी ओळखीचा, त्यामुळे 'हे मला कळणार नाही' ही धास्ती राहत नाही. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) हेही तसंच दार आहे; भास्कर चंदावरकरांनी त्यात कीर्तन, लावणी, अभंग हे सगळं माणसांच्या हलत्या पडद्याबरोबर गुंफलं आहे.

तिथून मागे 'सौभद्र'कडे जाणं सोपं जातं, कारण कीर्तनाची चाल दोन्हीकडे आहे. 'देवबाभळी' पाहून आलेल्याला आधी 'सौभद्र'मधल्या दिंड्या आणि साक्या ऐकवा, पदं नंतर. आणि प्रवेश बसवताना काळी_चार यांनी सांगितलेली एक मिनिटाची दिंडी त्या माणसाला द्या. आवाज साधा असला तरी चालतो, लय आणि उच्चार स्वच्छ हवेत.